बारा आणि अठराचं ॲव्हरेज पंधरा येत नाही: महिन्याला जास्त लागणाऱ्या १८ लिटरचा हिशेब

ताई, तुमचे आकडे आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दादरला तुमचा फुलांच्या सजावटीचा व्यवसाय आहे आणि पेट्रोलवर चालणारी एक छोटी व्हॅन आहे. महिन्याला साधारण १,८०० किलोमीटर होतात. त्यातले १,०८० शहरात, म्हणजे २७ दिवस रोज ४०. आणि ७२० नाशिकच्या दोन फेऱ्यांचे, गुलाब आणायला. शहरात गाडी लिटरला १२ देते, हायवेला १८. म्हणून तुम्ही ॲव्हरेज १५ धरलं आणि महिन्याचं बजेट १२० लिटरचं केलं. पंपाच्या पावत्यांची बेरीज मात्र १३८ लिटर येते. हे १८ लिटर जातात कुठे? आणि वडिलांच्या वेळेपासून गाडीवर असलेल्या ड्रायव्हर काकांना याबद्दल विचारावं का? जाता जाता उरणच्या ऑर्डरला अटल सेतूनं जाणं परवडतं का आणि सीएनजी किट बसवावं का, हेही विचारलंय.

मी वडाळ्याला मालवाहतुकीच्या गाड्यांच्या इंधनाचा हिशेब बघतो. मालकांकडून येणारी ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे, आणि तिचा रोख जवळपास प्रत्येक वेळी ड्रायव्हरकडे असतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो: तुमच्या १८ लिटरपैकी १० लिटर सरळ सरासरी काढण्याच्या पद्धतीत गेले. ते गाडीत जास्तीचे भरले गेले असं तुम्हाला वाटतं, पण ते लागणारच होते, बजेटमध्ये धरले नव्हते एवढंच. आणखी ३ लिटरच्या आसपास नाशिकच्या वाटेवरच्या कसारा घाटाच्या नावावर टाकता येतात. उरले ५. त्यांच्यासाठी मुंबईचा ट्रॅफिक पुरेसा आहे, पण हा शेवटचा भाग मोजल्याशिवाय कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही. तोवर काकांशी तो विषय काढू नका.

आता हे १० लिटर बघू. शाळेत आपण एकमान पद्धत शिकलो: आधी एका वस्तूचं काढायचं, मग हव्या तितक्यांचं. इंधनाच्या बाबतीत हे 'एक' आपण निवडायचं असतं. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, असं विचारता येतं. एका किलोमीटरला किती लिटर, असंही विचारता येतं. दोन्ही बरोबर आहेत, एक दुसऱ्याचा व्यस्त आहे. पण दोन वेगळ्या रस्त्यांचा हिशेब एकत्र करायची वेळ आली की दोन्ही सारखे वागत नाहीत. आपल्याकडे ज्ञात गोष्ट काय आहे? किलोमीटर. शहरात किती, हायवेला किती, हे मीटरवर दिसतं. मग दर किलोमीटरमागचा हवा, कारण किलोमीटरनं गुणल्यावर लिटर मिळतात आणि लिटरची बेरीज करता येते.

तुमचेच आकडे घेऊन बघा. लिटरला १२ म्हणजे किलोमीटरला ८३ मिलिलिटर. लिटरला १८ म्हणजे ५६ मिलिलिटरच्या जवळ. शहराचे १,०८० किलोमीटर भागिले १२, ९० लिटर. हायवेचे ७२० भागिले १८, ४० लिटर. एकूण १३०. म्हणजे तुमचे स्वतःचे दोन्ही आकडे शंभर टक्के खरे मानले तरी बजेट १३० चं हवं होतं, आणि खरं ॲव्हरेज १,८०० भागिले १३०, म्हणजे १३.८५ येतं.

हे १५ का चुकतं, हे वेगाच्या उदाहरणानं लवकर पटतं. दादर ते नाशिक १७० किलोमीटरच्या आसपास. समजा भिवंडी बायपास मागे पडेपर्यंतच्या ४५ किलोमीटरला दोन तास गेले, आणि पुढचे १२५ किलोमीटरही दोन तासांत झाले. पहिल्या टप्प्याचा वेग ताशी २२.५, दुसऱ्याचा ६२.५. दोन्हींची सरळ सरासरी ४२.५. आणि १७० किलोमीटर भागिले चार तास? तेही ४२.५. जमलं. आता दुसरं उदाहरण: तीस किलोमीटर ताशी ६० नं गेलात आणि तेच तीस किलोमीटर ताशी २० नं परत आलात. सरळ सरासरी ४०. पण जायला अर्धा तास, यायला दीड तास, मिळून साठ किलोमीटरला दोन तास, म्हणजे ताशी ३०. इथे फसलं. फरक एवढाच की पहिल्या वेळी दोन्ही टप्प्यांना वेळ सारखा लागला होता, दुसऱ्या वेळी अंतर सारखं होतं. ताशी वेगाची सरळ सरासरी वेळ सारखा असेल तरच चालते, कारण छेदात तास आहे.

तसंच 'लिटरला किती किलोमीटर' याच्या छेदात लिटर आहे. म्हणून १२ आणि १८ ची सरळ सरासरी तेव्हाच बरोबर येईल, जेव्हा शहरात आणि हायवेवर जळालेलं पेट्रोल सारखं असेल. तुमच्याकडे ते ९० आणि ४० आहे. किलोमीटर अगदी अर्धे-अर्धे असते तरी ॲव्हरेज १४.४ आलं असतं, १५ नाही. जो रस्ता जास्त पेट्रोल खातो त्याच्याकडे हे ॲव्हरेज नेहमीच झुकतं. आमच्याकडे लॉगबुकात म्हणूनच दोन रकाने असतात. ड्रायव्हरशी बोलताना 'लिटरला इतके', कारण सगळे तसंच बोलतात. आणि हिशेबाला 'शंभर किलोमीटरला इतके लिटर'. शहर ८.३, हायवे ५.६. बजेट करताना दुसराच रकाना वापरायचा.

इतकं गणित. आता तुमचे १२ आणि १८ मुळात आले कुठून, ते बघू. मला जास्त शंका तिथे आहे.

शहराचा १२ तुम्ही स्वतः काढलात, रविवारी, दादर ते कुलाबा आणि परत. मीटरवर २४ किलोमीटर झाले आणि नंतर टाकी परत फुल करायला २ लिटर लागले. पद्धत योग्य आहे, पण अंतर फार कमी. पंपाचं नोझल 'ऑटो कट' होतं ते दर वेळी त्याच पातळीला होत नाही. गाडी किंचित तिरकी उभी असली, भरण्याचा वेग बदलला, पेट्रोलला फेस जास्त आला, तर पाव-अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. २ लिटर भरण्यात ३०० मिलिलिटरचा फरक पडला तर तुमचं ॲव्हरेज १०.४ पासून १४.१ पर्यंत काहीही असू शकतं. तोच ३०० मिलिलिटरचा फरक ३० लिटर भरण्यात एक टक्का होतो, म्हणजे विसरून जावा इतका. त्यामुळे एक फेरी मोजून दर काढू नका. टाकी फुल करा, ऑटो कटला थांबा (वरून अजून थोडं टाका म्हणू नका), ट्रिप मीटर शून्यावर आणा, टाकी पाऊणभर रिकामी होईपर्यंत नेहमीसारखी चालवा, आणि शक्यतो त्याच पंपावर त्याच मशीनला पुन्हा फुल करा. असं तीन-चार वेळा सलग केलंत तर मधल्या कट-ऑफच्या चुका एकमेकांत जिरतात, कारण एका वेळी कमी भरलं गेलेलं पुढच्या वेळी जास्त भरलं जातं. सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर. प्रत्येक वेळचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी नको, ते पुन्हा पंधराचंच प्रकरण.

आणि ती मुंबईची सवय: 'पाचशेचं टाक.' रोजच्या व्यवहाराला ठीक आहे, पण रुपयांत भरलेल्या पेट्रोलवरून ॲव्हरेज काढायचं तर पावतीवरचे लिटर बघा. भाव बदलला की पाचशे रुपयांतलं पेट्रोल बदलतं, आणि टाकीत आधी किती होतं हे तर कुणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रविवार. रविवारी सकाळी दादर-कुलाबा ही मुंबई मुंबईच नसते. एकमान पद्धतीतला दर हा ज्या परिस्थितीत मोजला त्या परिस्थितीचाच असतो. शाळेच्या गणितातल्या वहीची किंमत सोमवारी बदलत नाही, गाडीचं ॲव्हरेज बदलतं. गाडीत माल किती होता, एसी चालू होता का, टायरमध्ये हवा किती होती, या सगळ्यांवर ते अवलंबून आहे. तुमच्या व्हॅनचं सोमवारचं संध्याकाळचं ॲव्हरेज मी इथून सांगू शकत नाही. पण ते रविवारच्यापेक्षा कमी असणार, एवढं नक्की.

हायवेचा १८ तर आणखी मजेशीर आहे. तुम्ही लिहिलंय की नाशिकहून परत येताना डिस्प्लेवर १८ दिसलं. परत येताना, म्हणजे उतरताना! नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि दादर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. जाताना गाडी ही उंची चढते. गाडी, ड्रायव्हर आणि सामान मिळून १,२०० किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर वर न्यायला ७० लाख ज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये तीन कोटी ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिन त्यातली साधारण पाव चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे निव्वळ उंची चढायला जवळपास १ लिटर जास्त. उतरताना यातलं थोडंफार परत मिळतं, पण पूर्ण नाही, कारण घाटात ब्रेक लागतात आणि ब्रेकमध्ये गेलेली ऊर्जा पेट्रोल होऊन टाकीत परत येत नाही.

आकड्यांत मांडू. सपाट रस्त्यावर तुमची गाडी लिटरला १७ देते असं धरलं, तर १८० किलोमीटरला (१७० रस्त्याचे आणि १० नाशिकमधल्या फिरतीचे) १०.६ लिटर. जाताना १ लिटर जास्त, ११.६, म्हणजे ॲव्हरेज साडेपंधरा. येताना समजा ०.६ लिटर वाचलं, १० लिटर, म्हणजे ॲव्हरेज १८, तुम्हाला दिसलं तेवढंच. पूर्ण फेरी ३६० किलोमीटर, २१.६ लिटर, ॲव्हरेज १६.७. महिन्याच्या दोन फेऱ्यांना ४० ऐवजी ४३ लिटर. हे ३ लिटर आणखी सापडले. इथला १७ हा मी धरलेला आकडा आहे. तुमचा खरा आकडा पूर्ण फेरी मोजूनच कळेल. घाट असलेल्या रस्त्याचं एकेरी ॲव्हरेज कुणी सांगितलं तर मी कधीच वहीत लिहीत नाही.

समृद्धी महामार्गाबद्दलही इथेच सांगतो, कारण आता अनेकजण तिकडून जातात. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला आणि घाटाऐवजी बोगद्यातून जाता येऊ लागलं. वळणं, ब्रेक, ट्रकमागचं रांगणं वाचतं. पण रस्ता मोकळा मिळाला की पाय खाली जातो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. उंच, चौकोनी व्हॅनला हे जास्तच बाधतं. तेव्हा तो रस्ता वापरणार असाल तर तुमचा हायवेचा दर पुन्हा मोजावा लागेल, जुना लावू नका. आणि टोल वेगळा.

आता उरलेले ५ लिटर. शहराला ९० धरले होते, १३८ मधून हायवेचे ४३ वजा केले तर ९५ उरतात. २७ दिवसांत ५ लिटर जास्त, म्हणजे दिवसाला १८५ मिलिलिटर. हे किती आहे? तुमच्यासारखं छोटं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवून उभं राहिलं तर तासाला अर्धा ते एक लिटर खातं. एसी चालू असेल तर वरच्या टोकाकडे. ०.८ धरा. १८५ मिलिलिटर म्हणजे रोज १४ मिनिटं. दादर टीटीचे सिग्नल, फुलमार्केटच्या बाहेर माल चढेपर्यंत चालू ठेवलेलं इंजिन, हॉलच्या दारात 'दोन मिनिटं थांबा'. चौदा मिनिटं भरायला मुंबईत फार कष्ट पडत नाहीत.

इथे एक गोष्ट लक्षात घेतलीत तर शहराचा हिशेब कायमचा सुटेल. शहरात एक दर पुरत नाही, दोन लागतात. चालताना किलोमीटरमागे इतकं, आणि उभं असताना तासामागे इतकं. रिक्षाचं मीटर नेमकं हेच करतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत रिक्षाचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झाला. दीड किलोमीटरचे २५ रुपये ७१ पैसे होतात, म्हणून किमान भाडं २६. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे, दीडपट ३०.९९, म्हणून ३१. पण रिक्षा अडकून उभी राहिली तरी आकडा पुढे सरकतोच, कारण थांबण्याचा दर वेगळा लागतो. मीटर बनवणाऱ्याला कळलं होतं की नुसत्या अंतरावर शहरातलं भाडं निघत नाही. आपण मात्र पेट्रोलचा हिशेब नुसत्या अंतरावर करतो आणि मग ट्रॅफिकमध्ये गेलेल्या पेट्रोलचा आळ ड्रायव्हरवर येतो.

तुमच्यासाठी हे असं मांडा. शहरातली गाडी खरंच चालत असताना किलोमीटरला ७० मिलिलिटर खात असेल आणि उभी असताना तासाला ८०० मिलिलिटर, तर ४० किलोमीटरला २.८ लिटर, आणि दीड तास थांबण्याला १.२ लिटर, एकूण ४ लिटर. ॲव्हरेज १०. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, थांबणं फक्त अर्धा तास झालं तर ३.२ लिटर, ॲव्हरेज १२.५. म्हणजे तुमचा रविवारचा १२ खोटा नव्हता, तो रविवारचा होता. आणि या दिवसात बचत करायची जागाही दिसते: माल चढ-उतार होताना किल्ली बंद. काकांना काही सांगायचंच असेल तर एवढं सांगा.

एवढं झाल्यावर ठोकताळा असा: १८ लिटरमधले १० सरासरीचे, ३ च्या आसपास घाटाचे, ५ च्या आसपास थांबण्याचे. पहिला आकडा पक्का आहे. दुसरा आणि तिसरा माझा अंदाज, तुमच्या मोजमापानंतर त्यांच्यात एक-दोन लिटर इकडचे तिकडे होतील. जुन्या महिन्यांशी तुलना करणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: २०२५ पर्यंत पंपावरचं पेट्रोल बहुतेक सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं झालं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी असते. १० टक्क्यांवरून २० वर गेल्यावर निव्वळ ऊर्जेच्या हिशेबानं तीन-साडेतीन टक्के फरक पडतो. तेव्हाचं ॲव्हरेज आजच्या पेट्रोलला लावून चोरी शोधू नका.

मीटरवरही डोळे झाकून विश्वास नको. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतं. पाच-सहा मिलिमीटर रबर गेलं तर दोन टक्क्यांच्या आसपास फरक, म्हणजे १,८०० मध्ये ३५-३६ किलोमीटर. हायवेवरचे किलोमीटरचे दगड वीस-पंचवीस किलोमीटर मोजून एकदा ताडून घ्या. पंपाच्या मापाची शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून भरून बघायचा तुम्हाला हक्क आहे. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तक्रार करा.

आता तो नाजूक विषय. समजा मोजून झालं आणि तरीही हिशेब जुळला नाही. तेव्हाही 'चोरी' हा एकच शब्द पुरत नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या जागी दिसतात. गाडी खासगी कामाला फिरवली गेली असेल तर तिनं पेट्रोल खाल्लं आणि किलोमीटरही केले. ॲव्हरेज अगदी छान येईल! फरक महिन्याच्या एकूण किलोमीटरमध्ये दिसेल. तुमच्या ऑर्डरींच्या अंतरांची बेरीज आणि मीटर यांच्यात. उलट टाकीतून पेट्रोल काढलं गेलं किंवा पावती जास्तीची आणली गेली तर किलोमीटर बरोबर असतील आणि ॲव्हरेज पडेल. तेही हळूहळू पडणार नाही, एखाद्या फिलिंगला एकदम पडेल. महिन्याच्या सरासरीत ते बुडून जातं, म्हणून प्रत्येक फिलिंगची ओळ वेगळी लिहायची: तारीख, मीटर रीडिंग, लिटर, टाकी फुल केली की नाही. एका फिलिंगचे लिटर टाकीच्या क्षमतेपेक्षा जास्त दिसले तर वेगळं काही सिद्ध करायची गरजच नाही. पावसाळ्यात किंवा गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत ॲव्हरेज सलग खाली असेल आणि नंतर सुधारलं, तर तो रस्त्याचा दोष.

ही वही काकांनाच लिहू द्या. तपासणी म्हणून नको, 'आपल्याला नाशिकचा खर्च ऑर्डरमध्ये धरायचाय' म्हणून. ते खरंही आहे. आणि जो माणूस इतकी वर्षं गाडी चालवतोय, त्याला कुठल्या दिवशी जास्त पेट्रोल लागलं आणि का, हे तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळलेलं असतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

उरण आणि अटल सेतू. पेट्रोल हिशेबाला सोपं जावं म्हणून १०० रुपये लिटर धरतो. मुंबईचा भाव त्याहून थोडा वर असतो. १३८ लिटरला १,८०० किलोमीटर, म्हणजे तुमचा सरासरी खर्च किलोमीटरला ७ रुपये ६७ पैसे. शिवडी ते चिर्ले या २१.८ किलोमीटरच्या सेतूचा कारचा एकेरी टोल जानेवारी २०२४ मध्ये सुरू होताना २५० रुपये ठरला. २५० भागिले ७.६७, साधारण ३३ किलोमीटर. वाशीमार्गे हलक्या वाहनांना मुंबईच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. म्हणजे सेतूनं गेल्यावर अंतर ३३ किलोमीटरनं कमी होत असेल तरच पेट्रोलमध्ये टोल सुटला. दादर ते उरणला एवढं अंतर वाचणार नाही. मग उरतो तो वेळ, आणि इथे तुमचा धंदा माझ्या धंद्यापेक्षा वेगळा आहे. माझ्या गाड्यांतला माल दोन तास उन्हात उभा राहिला तर काही होत नाही. लग्नाच्या सकाळी निशिगंधाच्या टोपल्या मानखुर्दला अडकल्या तर २५० रुपयांचा विचार कोण करतो! ऑर्डरच्या दिवशी सेतू, रिकामी गाडी परतताना वाशी, असं मी तरी करेन. व्हॅन मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर टोलचा वर्ग बदलतो, तेवढं आरसी बुकवर बघा आणि भागाकार पुन्हा करा.

सीएनजीला एकच नियम: किलोची लिटरशी तुलना करू नका. 'सीएनजीवर २० देते, पेट्रोलवर १३' ही दोन वेगळ्या मापांची तुलना आहे. दोन्हींना रुपये-प्रति-किलोमीटरमध्ये आणा, मग शेजारी ठेवा. शहरात पेट्रोलचं ११.४ धरलं (१,०८० भागिले ९५), तर किलोमीटरला ८ रुपये ८० पैसे. सीएनजी ८० रुपये किलो आणि गाडी किलोला १६ धरली, तर ५ रुपये. हायवेवर फरक कमी, म्हणून सरसकट ३ रुपये वाचले असं मानू. १,८०० किलोमीटरला महिन्याला ५,४०० रुपये. किटला बसवून ६० हजार लागले तर अकरा-बारा महिन्यांत वसूल. आकडे तुमच्या दुकानदाराकडून घेऊन हेच दोन भागाकार करा.

पण व्हॅनमध्ये सिलिंडर बसतो तिथेच तुमच्या टोपल्या ठेवायची जागा असते. ६० लिटरचा सिलिंडर म्हणतात ते त्यात मावणाऱ्या पाण्याचं माप असतं. गॅस नऊ-दहा किलोपर्यंत, आणि पंपावर दाब कमी असेल तर त्याहूनही कमी. किलोला १६ नं शहरात दीडशे किलोमीटर, म्हणजे दर तीन-चार दिवसांनी रांग. त्या रांगेतला वेळ काकांच्या पगाराच्या हिशेबात धरा. नाशिकला दोनऐवजी चार फेऱ्या व्हायला लागल्या तर किट घ्या. सध्या मात्र आधी एक महिना वही भरा. शहराचा आणि पूर्ण नाशिक फेरीचा, असे दोन दर वेगवेगळे निघाले की ते इथे लिहा, मी बघतो.